निळ्या दोरीची गाठ

आन्सेल्म रुबेरोलला जगातल्या बहुतेक माणसांची कीव यायची, आणि कीव करण्याचा हक्क आपण कमावलेला आहे असं त्याचं ठाम मत होतं. सत्तावीस वर्षं त्याने कचऱ्याची गाडी चालवली होती. दर मंगळवारी तो ती अख्खी गाडी ला बेसादच्या बोळात उलटी घालायचा. खालच्या चौकापासून घरांपर्यंत सव्वा किलोमीटरचा बोळ, मध्ये एक वळण, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि भिंत आणि गाडी यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा. तोंडात विझलेली विडी आणि एक कोपर खिडकीबाहेर, अशा थाटात तो मागे जायचा. सत्तावीस वर्षांत एकाही भिंतीचा एकही दगड हलला नाही. हे तो लग्नात सांगायचा, मयताला सांगायचा, आणि कुणी विचारलं नाही तर आपणहून विषय काढून सांगायचा.

ला बेसाद म्हणजे डोंगरावरची चार घरं, त्यांतली तीन उघडी. एकात आन्सेल्म, वय एकोणऐंशी, बायको जाऊन आठ वर्षं झालेली. दुसऱ्यात गवंड्याची विधवा नोएली. तिसऱ्यात यूप आणि हान्नेके हे डच जोडपं. बारा वर्षांपूर्वी ते सुट्टीला म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत, हा त्यांचा आन्सेल्मच्या दृष्टीने पहिला गुन्हा.

तेरा गावांचं मिळून एक कचरा-मंडळ होतं. त्याने जानेवारीपासून फर्मान काढलं की गाडी यापुढे उलटी जाणार नाही. कुठेच नाही. उलटी गाडी म्हणजे अपघाताला आमंत्रण, असं पत्रकात छापलेलं होतं आणि शेजारी एक कचराकुंडी दात काढून हसत होती. ज्या बोळातून गाडीला वळून बाहेर पडता येत नाही, तिथल्या लोकांनी आपला कचरा आपणच खाली चौकात आणून टाकावा. चौक सव्वा किलोमीटरवर. तिथे चार मोठ्या कुंड्या ठेवल्या: पिवळ्या झाकणाच्या दोन, काळ्या झाकणाच्या दोन. पिवळ्यात खोकी, पत्र्याचे डबे, प्लास्टिकच्या बाटल्या, सगळं सुटं, पिशवीत न बांधता. काळ्यात उरलेली घाण, ती मात्र बांधून.

"उलटी न जाणारी गाडी म्हणजे पाय वर न करणारा कुत्रा," आन्सेल्म म्हणाला. पत्रकातला एकही मुद्दा त्याने सोडला नाही. दह्याचे रिकामे डबे काल पिवळ्यात टाकले तर पाप होतं, आज टाकले नाहीत तर पाप. मधल्या काळात दही बदललं की डबा बदलला, असं त्याने सरपंचबाईंना टपाल कचेरीसमोर चारचौघांत विचारलं. त्या बिचाऱ्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही म्हणजे आपण जिंकलो, असा याचा हिशेब.

नोएलीची त्याने सगळ्यांत जास्त टर उडवली. तरुणपणी ती गाडी चालवण्याच्या परीक्षेत चार वेळा नापास झाली होती. म्हातारपणी तिने परवाना लागत नाही अशी, दोन माणसांची चिमुकली गाडी घेतली. ताशी पंचेचाळीसच्या पुढे ती जात नसे आणि चढावर शिवणयंत्रासारखी खडखडायची. आन्सेल्म तिला दह्याचा डबा म्हणायचा. नोएली आपला कचरा घेऊन खाली निघाली की तो फाटकावर येऊन विचारायचा, "हा डबा कुठल्या झाकणाखाली टाकायचा गं? पिवळ्या की काळ्या?"

"आधी तुझं ठरू दे," नोएली म्हणायची आणि काच लावून घ्यायची.

यूपवर त्याचा वेगळाच राग होता. हा माणूस टोमॅटोच्या डब्याचा कागद सोलून काढायचा, डबा गरम पाण्याने धुवायचा, फडक्याने पुसायचा आणि मग कुंडीत ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. पहिल्याच वर्षी त्याला टोमॅटोची रोपं काठीला नीट बांधता येत नव्हती. तेव्हा आन्सेल्मने कुंपणावरून उतरून त्याला गाठ शिकवली होती, गवताच्या गठ्ठ्यांना असते त्या निळ्या दोरीची, दोन वेढे देऊन टोक खालून आत घेऊन परत वर काढायचं. ही कचरागाडीवरची गाठ. गाडीच्या दाबाखाली पिशवी फुटते, पण गाठ सुटत नाही. शिकवताना आन्सेल्मने हॉलंडमध्ये दोरी मिळत नाही का, अशी चौकशीही केली होती.

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण आन्सेल्म ते कुणालाच सांगत नव्हता. त्याचा उजवा डोळा गेल्या हिवाळ्यापासून जात चालला होता. न्हाणीघराच्या काचेवर वाफ धरावी तसं त्या बाजूला सगळं पांढुरकं. आणि वसंतापासून डावाही त्याच वाटेला लागला होता. रंग फिके पडले होते. त्याच्या जुन्या व्हॅनचा उजवा आरसा चिकटपट्टीने बांधलेला होता. मुलीला त्याने हरणाने धडक दिली असं सांगितलं होतं. क्लोतिल्द, त्याची मुलगी, लिमोजच्या इस्पितळात परिचारिका होती. ती दर रविवारी फोन करायची आणि दर दुसऱ्या रविवारी तिच्या इमारतीतल्या एका रिकाम्या घराचा विषय काढायची. चौथा मजला, लिफ्ट आहे, खाली फार्मसी आहे. डोळ्याचं तिला कळलं असतं तर त्याच संध्याकाळी व्हॅनची किल्ली तिच्या पर्समध्ये आणि महिन्याभरात आन्सेल्म लिफ्टमध्ये.

एरवी ला बेसादमध्ये चाकांवाचूनही माणूस जगू शकला असता. पाववाला बुधवारी-शनिवारी दाराशी यायचा, खाटकाची गाडी शुक्रवारी यायची, टपालवाली रोज. जे जे खायचं ते वर येत होतं. उरलेलं मात्र आता स्वतः खाली न्यायचं होतं, आणि त्यासाठी व्हॅन हवी आणि व्हॅनसाठी डोळे हवेत. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचा कचरा दारातून उचलला, त्याला स्वतःचा कचरा सव्वा किलोमीटर नेणं जड जात होतं. ही गोष्ट तो मेला असता तरी कबूल करणार नव्हता.

म्हणून तो मंगळवारी भल्या पहाटे निघायचा, रस्त्यावर कुणी नसताना, दुसऱ्या गियरमध्ये, डाव्या कडेला चिकटून. चौकात कुंड्यांची झाकणं त्याला सारखीच करडी दिसायची. पण त्याचं अडलं नव्हतं. डावीकडच्या दोन पिवळ्या आणि उजवीकडच्या दोन काळ्या, हे त्याने पहिल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. कुंडी जिथून उचलली तिथेच, त्याच तोंडाने परत ठेवायची, हा धंद्याचा पहिला धर्म. तो पाळला नाही म्हणून त्याने एकदा एका मदतनिसाला भर पावसात गाडीतून उतरवलं होतं. आजकालची पोरं कुंडी रिकामी करून हाताला येईल तिथे ढकलून देतात, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. सगळ्या जगाला निकम्मं म्हणणाऱ्या माणसाने नेमका इथेच जगावर विश्वास टाकला.

जूनमध्ये पिवळ्या कुंडीवर पहिली लाल चिठ्ठी लागली. आत घाणीच्या पिशव्या सापडल्या होत्या, म्हणून ती कुंडी न उचलता तशीच ठेवली. आठवडाभर चौकातून जाताना नाक धरावं लागलं. दुसरी चिठ्ठी ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरात तिसरी लागली, आणि तिच्यासोबत घरोघरी पत्र आलं: पुन्हा असं झालं तर चौकातल्या पिवळ्या कुंड्या काढून घेण्यात येतील, आणि ला बेसादच्या रहिवाशांनी आपला माल तालुक्याच्या गावी, चौदा किलोमीटरवर, नेऊन द्यावा.

चौदा किलोमीटर, आणि तेही हमरस्त्याने, जिथे लाकडाचे ट्रक पळतात. आन्सेल्मने ते पत्र दोनदा वाचलं. वाचलं म्हणजे भिंग लावून, खिडकीत उभं राहून वाचलं. भीती वाटली की दुसऱ्यावर ओरडायचं ही त्याची जुनी सवय होती. गुन्हेगार कोण हे त्याला पत्र संपण्याआधीच माहीत होतं.

"ज्यांचा देशच समुद्राच्या पातळीखाली आहे," तो पाववाल्याला म्हणाला, "त्यांना वरची कुंडी कुठली नि खालची कुठली, काय डोंबल कळणार?" हेच तो खाटकाला म्हणाला, टपालवालीला म्हणाला, आणि रविवारी यूपच्या कुंपणापाशी उभा राहून स्वतः यूपलाही म्हणाला. डबे धुण्याची सोंगं करायची आणि पहाटे चोरून कोंबड्यांची हाडं पिवळ्यात टाकायची, हे आपल्या सत्तावीस वर्षांच्या नजरेतून सुटलेलं नाही, असंही त्याने ऐकवलं. हान्नेके रडकुंडीला आली. यूपने आम्ही मांस खात नाही एवढंच सांगितलं. तेही आन्सेल्मला संशयास्पद वाटलं.

तेवढ्यावर थांबला असता तर झाकली मूठ राहिली असती. पण त्याने सरपंचबाईंना फोन करून मागणी केली की ती कुंडी सगळ्यांसमोर उघडावी, पिशवी न् पिशवी बाहेर काढावी, आणि काय ते दूध का दूध होऊ द्यावं. पिशवीत कुणाची ना कुणाची चिठ्ठीचपाटी निघतेच, हे अनुभवाचे बोल आहेत. सरपंचबाईंनी जाऊ द्या हो म्हणून पाहिलं. तो म्हणाला, चोराला पाठीशी घालणारेही त्यातलेच.

शुक्रवारी दहा वाजता चौकात मंडळाची मुलगी आली. नाव ओरियान, कोपरापर्यंत हातमोजे, हिरवा अंगरखा, आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत 'वर्गीकरण-दूत'. ते यूपने त्याला वाचून दाखवलं, कारण आन्सेल्मने इतक्या बारीक अक्षरांत काय लिहिलंय असं विचारलं होतं. अक्षरं तळहाताएवढी होती.

"आमच्या वेळी दूत देवाकडे असायचे," आन्सेल्म म्हणाला. "कचऱ्याकडे आम्ही असायचो."

नोएली तिच्या डब्यातून आली होती. दहा-बारा दिवस खोकल्याने झोपून होती, शाल गुंडाळून गाडीला टेकून उभी राहिली. आन्सेल्म बोलतच होता, कुंडी उघडली तरी, मुलीने लांब चिमट्याने पांढरी पिशवी वर काढली तरी. त्याला फक्त काहीतरी फिकट वस्तू हवेत लोंबताना दिसली. पिशवीच्या तोंडाशी निळी दोरी होती, ती त्याला दिसली नाही. यूपला दिसली. यूप आधी दोरीकडे पाहत राहिला, मग आन्सेल्मकडे, आणि मग त्याने मान खाली घातली.

ओरियानने पिशवी जमिनीवर ठेवून गाठीशी झटापट सुरू केली. "ही कुणी बांधलीय? सुटतच नाहीये," ती म्हणाली.

आन्सेल्मचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. सत्तावीस वर्षं जी गाठ सुटली नाही, ती त्याने डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखली. या डोंगरावर तशी गाठ बांधणारी माणसं दोनच, आणि त्यांतल्या एकाला अजून ती धड जमत नव्हती. मुलीने कात्री काढून दोरी कापली. बटाट्याची सालं, सशाची हाडं, कॉफीचा चोथा, आणि त्या चोथ्यात घडी घातलेलं एक पत्र. वर तालुक्याच्या इस्पितळाचा शिक्का. दहा महिने वाट पाहिल्यावर मिळालेली नेत्रविभागाची तारीख होती ती. आन्सेल्मने दोन आठवड्यांपूर्वी ती वाचली होती आणि कुणाच्या हाती लागू नये म्हणून सालांच्या खाली दडपली होती.

"यावर नाव असेल," असं म्हणत ओरियान वाकली.

"माझी आहे पिशवी," नोएली म्हणाली.

ती दोन पावलं पुढे आली, मुलीच्या आधी वाकली, पत्र उचललं आणि चोथ्यासकट शालीखाली घातलं. "सशाची हाडं माझी, सालं माझी. चुकलं. वय झालं बाई, झाकणं कळत नाहीत."

ओरियानने तिला पाव तास समजावलं. पिवळं म्हणजे काय, काळं म्हणजे काय, हसऱ्या कुंडीचं चित्र दाखवून. शाळेतल्या पोरांना देतात ती रंगवायची पुस्तिकाही तिच्या हातात ठेवली. नोएली प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. सरपंचबाई कुंडीकडे पाहत होत्या. नोएलीच्या घरात गेली वीस वर्षं ससा शिजला नव्हता. तिला सशाचा वासही सहन होत नसे. हे ओरियान सोडून तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि आन्सेल्म रुबेरोल हात खिशात घालून उभा राहिला.

दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. लाज वाटण्याऐवजी त्याने राग धरला, तो त्याला सवयीचा होता. हिला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? कुणी शिव्या दिल्या तर तो परत चार देऊ शकला असता. दयेला काय परत देणार? रविवारी क्लोतिल्दचा फोन आला, तो त्याने उचलला नाही. संध्याकाळी उठला आणि नोएलीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती चुलीपाशी चेस्टनट सोलत बसली होती.

"मी तुला मध्ये पड म्हटलं नव्हतं," तो म्हणाला.

"ती पोरगी तुझं पत्र मोठ्यानं वाचणार होती. बस ना."

तो बसला नाही. "तीन वेळा चुकलं. माणूस चुकतो. वर्षभरात तीनदा म्हणजे काही फार नाही."

नोएलीने सुरी खाली ठेवली. "जूनमध्ये मी बहिणीकडे गेले होते. ऑगस्टमध्ये माझी कंबर धरली होती. आणि आत्ता खोकला. तीन आठवडे मी खाली गेले नाही, तीन चिठ्ठ्या लागल्या. बाकीच्या मंगळवारी तू बरोबर टाकत होतास, असं वाटलं तुला?"

आन्सेल्म दाराची चौकट धरून उभा राहिला. कोपऱ्यात नोएलीचा बागेतला दाताळा टेकवलेला होता, आणि त्याच्या दांड्याला एक मोठा आकडा तारेने बांधलेला. तो कशासाठी आहे हे त्याने उन्हाळ्यात तिला हसत हसत विचारलं होतं. ढग ओढायला, असं ती म्हणाली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची कंबर, कुंडीच्या काठावर ओणवी, दर मंगळवारी, गाडी यायच्या आत.

"सांगायचंस मग," तो शेवटी म्हणाला.

"तुला? यूपला जे बोललास ते मला बोलला असतास. शिवाय डोळे तुझे आहेत. मला वाटलं, तुलाच कधीतरी कळेल." तिने मुरंब्याच्या बरणीखालून ते पत्र काढलं. पुसून, वाळवून, सपाट केलेलं होतं. कॉफीचा डाग राहिला होता. "मंगळवारी साडेनऊला. चौदा किलोमीटर आहे, आपल्याला आठला निघायला हवं."

"त्या डब्यात मी बसणार नाही."

"मग चालत जा. रस्ता दिसेल तिथपर्यंत."

मंगळवारी तो बसला. टाय बांधून, गुडघे हनुवटीला लावून, डोकं छताला टेकवून. नोएलीने त्याला पट्टा लावायला सांगितलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. बोळातून उतरताना त्याने तिला तीन वेळा सावकाश म्हटलं आणि दोन वेळा लवकर.

चौकात यूप एकेक डबा पिवळ्या कुंडीत ठेवत होता. आन्सेल्मने गाडी थांबवायला लावली. काच अर्धीच सरकत होती, त्यातून त्याने तोंड बाहेर काढलं.

"ती पिशवी माझी होती."

"माहीत आहे," यूप म्हणाला. "ती गाठ तुम्हीच शिकवलीत मला."

"आणि तुला अजून येत नाही."

"तेही माहीत आहे," यूप म्हणाला, आणि पुढचा डबा ठेवला. आपण माफी मागितली की नाही, हे आन्सेल्मला नीटसं कळलं नाही. यूपलाही बहुधा कळलं नसावं.

एवढ्यात खालच्या वळणावरून कचऱ्याची गाडी वर आली आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. चौक अरुंद, नोएलीचा डबा मधोमध. गाडीला मागे जायची परवानगी नाही, चालवणाऱ्या पोराने काचेतून दोन्ही हात पसरून तेच सांगितलं. म्हणजे मागे जायचं ते नोएलीनेच, बोळात, दोन भिंतींच्या मध्ये. तिने उलटा गियर टाकला आणि मान वळवली. उजवी खिडकी आन्सेल्मच्या खांद्याने आणि टोपीने पूर्ण भरलेली होती, तिकडचं तिला काहीच दिसेना.

"भिंत किती लांब आहे रे तुझ्या बाजूला?" तिने विचारलं.

ही भिंत त्याने एक हजारावर वेळा मोजली होती, विडी ओठात धरून, बोटाच्या अंतराने. तो वळला. खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं. समोर गाडीने एकदा भोंगा वाजवला.

"दिसत नाही मला," आन्सेल्म म्हणाला.

"बरं," नोएली म्हणाली. "टोपी काढ." त्याने टोपी काढून मांडीवर घेतली, नोएली त्याच्या अंगावरून वाकली, आणि डबा सावकाश उलटा बोळात शिरला.